संगणकशास्त्राची ‘ऑनर्स’ : आणखी तीन पेपर?

२०२४ साली बारावी होऊन महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत आलेली तुकडी ही तेथील नव्या पदवी रचनेची पहिली तुकडी होय. स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत हा बदल एक वर्ष आधी, २०२३ मध्ये झाला. वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. तेथील या तुकडीचे तिसरे वर्ष २०२७ मध्ये संपेल, आणि त्या वेळी प्रत्येक मुलामुलीपुढे एक प्रश्न उभा राहील : तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे, की आणखी एक वर्ष थांबून ‘ऑनर्स’ घ्यायची? रिसोड किंवा मानोऱ्यातल्या मुलीच्या दृष्टीने हे एक वर्ष म्हणजे एक वर्षाचे खोलीभाडे, एक वर्षाचा खानावळीचा खर्च आणि एक वर्ष लांबलेली कमाई असते. हा सल्ला ती बहुधा आपल्या जुन्या शाळेतल्या सरांना किंवा बाईंनाच विचारणार. म्हणून या आराखड्याचे, आणि त्यातही संगणकशास्त्रापुरते, परीक्षण आम्ही येथे करीत आहोत.

आराखडा विद्यापीठ अनुदान आयोगाचा आहे आणि तो डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पदवीचे मोजमाप श्रेयांकांत, म्हणजे रोजच्या भाषेत क्रेडिटमध्ये, केले आहे. पंधरा तासांचे व्याख्यान किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. या १६० पैकी मुख्य विषयाला ८०, दुय्यम विषयाला ३२, आणि उरलेली भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण, बहुविद्याशाखीय विषय, उन्हाळी कार्यानुभव अशा खणांत वाटलेली आहेत. शेवटची १२ क्रेडिट संशोधन प्रकल्पाची.

या बारा क्रेडिटांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने ते ३६० तास होतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या एका सत्रात आठवड्याला चोवीस तास. पदवीच्या विद्यार्थ्याला एकाच प्रश्नावर इतका वेळ देण्याची सोय आपल्याकडे सहसा कधी नव्हती. आराखड्यातील ही सर्वांत चांगली गोष्ट आहे असे आमचे मत आहे.

परंतु त्याला लागूनच एक पोटकलम आहे. हा प्रकल्प ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्यांसाठी आहे, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्यांनाच तो निवडता येतो. बाकीच्यांची पदवी नुसती ‘ऑनर्स’. त्यांनी प्रकल्पाऐवजी तेवढ्याच १२ क्रेडिटांचे तीन पेपर द्यावयाचे. म्हणजे पंचाहत्तर टक्केवाल्याने प्रश्न विचारावा आणि चौऱ्याहत्तर टक्केवाल्याने आणखी तीन पेपर लिहावेत, अशी ही वाटणी झाली!

‘ऑनर्स’ या शब्दाला एक परंपरा आहे. स्कॉटलंडमधील विद्यापीठांत तीन वर्षांची साधी पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असा भेद जुना आहे, आणि तेथील चौथ्या वर्षाचा कणा म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली प्रबंधिका. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी स्वतःचा प्रकल्प उभारून त्याचा अहवाल द्यावाच लागतो. तो ऐच्छिक नसतो, आणि आधीच्या गुणांची अट घालून काहींना त्यातून वगळलेही जात नाही. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली, २०१४ मध्ये मागे घेतली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. त्या गडबडीत वाद झाला तो बहुतांशी वर्षांच्या संख्येवर. चौथ्या वर्षात विद्यार्थी नेमके काय करणार, यावर फारच थोडे बोलले गेले. अभियांत्रिकीत तर याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे ऑनर्स म्हणजे ठरलेल्या क्रेडिटांखेरीज एखाद्या विशेष क्षेत्रातील आणखी १८ ते २० क्रेडिट. एकाच गावात एक मुलगा बी.एस्सी. ऑनर्स, दुसरा बी.सी.ए. ऑनर्स आणि तिसरा बी.टेक. ऑनर्स असेल, तर तिघांच्या शब्दामागे तीन निरनिराळे व्यवहार असतील. पालकांचा गोंधळ झाला तर दोष त्यांचा नाही.

आता संगणकशास्त्राकडे वळू. या विषयात खोलवर जाणे म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने पाहणे बरे.

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. समजा, या सर्वांची नावे अकारविल्हे लावलेली आहेत आणि त्यांतून एक नाव शोधायचे आहे. यादीच्या मधोमध पाहावे. हवे ते नाव आधी येत असेल तर अलीकडचा अर्धा भाग, नंतर येत असेल तर पलीकडचा अर्धा भाग घ्यावा, आणि पुन्हा मधोमध पाहावे. दर खेपेस यादी निम्मी होते. दोनाचा एकविसावा घात २०,९७,१५२ येतो, म्हणून जास्तीत जास्त एकवीस खेपांत नावाचा निकाल लागतो. ही झाली द्विभाजन शोधाची रीत. नववीतल्या मुलालाही ती पाच मिनिटांत समजते.

समजते, पण बिनचूक लिहिता येते का? डोनाल्ड क्नुथ यांनी नोंदवून ठेवले आहे की, या रीतीचा पहिला उल्लेख १९४६ चा असला तरी कोणत्याही लांबीच्या यादीवर चालणारी तिची मांडणी प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडावे लागले. जॉन बेन्टली यांनी व्यवसायाने आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींना ही रीत लिहून काढायला सांगितली आणि त्यासाठी दोनेक तास दिले. तरीही बहुतेकांच्या आज्ञावलीत चुका निघाल्या. खरी गंमत पुढेच आहे. बेन्टली यांनी आपल्या १९८६ च्या पुस्तकात जी मांडणी बरोबर म्हणून सिद्ध करून दाखविली, तिच्यातही एक चूक दडलेली होती. त्याच वळणाची मांडणी जावा भाषेच्या अधिकृत संग्रहात गेली आणि सुमारे नऊ वर्षे तिथे राहिली. ती लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये हा सारा प्रकार जाहीरपणे सांगितला.

चूक एका ओळीत होती. मधले स्थान काढण्यासाठी आरंभ आणि शेवट यांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे. गणितात हे निर्दोष आहे, पण यंत्रातला पूर्णांक गणितातला पूर्णांक नसतो. त्याला ठराविक जागा असते, आणि बेरीज त्या जागेत मावली नाही तर ती उलटून ऋण होते. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात ही मर्यादा सुमारे २१४ कोटी आहे. त्यामुळे यादी शंभर कोटींच्या पुढे गेल्याशिवाय चूक उघडकीस येत नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे लपली.

येथे आमच्याकडच्या प्रयोगशाळांची एक अनपेक्षित जमेची बाजू सांगावीशी वाटते. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा १९८७ चा कंपायलर अजूनही कित्येक महाविद्यालयांत वापरला जातो. शहरातून आलेले पाहुणे त्याला हसतात, आणि नवा, मोफत मिळणारा कंपायलर आणावा हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण टर्बो सीमधला पूर्णांक सोळा बिटांचा असतो. त्याची मर्यादा ३२,७६७! त्यात वीस हजार अंकांची यादी घ्या. तिला ४०,००० बाइट लागतात आणि ती त्याच्या ६४ किलोबाइटच्या खंडात बसते. स्थाने शून्यापासून १९,९९९ पर्यंत, आणि शोधायचा अंक अगदी शेवटचा. पहिल्या खेपेस मधले स्थान ९,९९९ येते. दुसऱ्या खेपेस आरंभ १०,००० आणि शेवट १९,९९९, बेरीज २९,९९९, मधले स्थान १४,९९९. तिसऱ्या खेपेस आरंभ १५,०००, बेरीज ३४,९९९. ही मावत नाही. यंत्र तिच्यातून ६५,५३६ वजा करून −३०,५३७ धरते आणि मधले स्थान −१५,२६८ असे काढते! यादीत असे स्थानच नाही. जी चूक जगातल्या नामवंतांना दोन दशके दिसली नाही, ती ज्या यंत्राला जुनाट म्हणून नावे ठेवतो त्यावर तिसऱ्याच खेपेला दिसते. उपायही एका ओळीचाच आहे : शेवटातून आरंभ वजा करावा, उरलेल्याचे निम्मे करावे आणि ते आरंभात मिळवावे.

हा एक तास आम्हांला ऑनर्सचा तास वाटतो. यात रीत आहे, तिच्या बरोबरपणाची सिद्धता आहे, सिद्धतेतले गृहीतक यंत्रावर कोठे मोडते हे आहे, आणि नामवंतांच्या लेखनाची तपासणीही आहे. याला महागडे यंत्र लागत नाही. आजकाल हीच रीत लिहून दे म्हटले की संगणकावरील भाषा-प्रारूपे ती क्षणात लिहून देतात. तेव्हा लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ठरविणाऱ्याची गरज वाढली आहे, आणि ते शिकविणाऱ्याचीही. प्रचलित परीक्षेत मात्र विचारले जाते ते असे : द्विभाजन शोधाची व्याख्या द्या, फायदे व तोटे लिहा. अशा प्रश्नपत्रिकांवर मिळालेले ७५ टक्के गुण पाहून प्रकल्पाला कोण लायक हे ठरविणे, म्हणजे पोहण्याच्या शर्यतीसाठी पोहण्यावरील निबंधातून निवड करण्यासारखे आहे. भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या परीक्षांचेही हेच दुखणे असेल, पण आज्ञावली लिहू शकणारा आणि न लिहू शकणारा यांच्यातील फरक गुणपत्रिकेत जितका बुजतो, तितका क्वचितच अन्यत्र बुजत असेल.

पेपरांच्या नावांविषयी थोडे. आराखडे नवे झाले की कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, इंटरनेट ऑफ थिंग्ज, डेटा सायन्स ही नावे यादीत शिरतात. तीन जादा पेपर भरायचे म्हटल्यावर तीच नावे पुढे येणार. नावाला आमचा आक्षेप नाही. पण ज्याने संभाव्यता आणि रेषीय बीजगणित केलेले नाही त्याला यंत्र-अध्ययन शिकविणे म्हणजे पाठांतर करून घेणे. या बाबतीत जुनी तीन विषयांची बी.एस्सी. नकळत बरी होती. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र असा गट घेतलेल्या मुलाला गणित सारख्याच वजनाने करावे लागे. नव्या रचनेत दुय्यम विषयाची ३२ क्रेडिट हाती आहेत. संगणकशास्त्र मुख्य घेणाऱ्याने ती गणिताला द्यावीत, असा आमचा सरळ सल्ला आहे. सोपा दुय्यम विषय घेऊन टक्केवारी वाढते खरी, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. संशोधनासह ऑनर्स चालवायची तर विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायम शिक्षक असावे लागतात. अट ऐकायला वाजवी आहे. पण लहान गावांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्राचा विभाग पुष्कळदा विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि शिकविणारे तासिका तत्त्वावर येतात. कायम शिक्षकच नाहीत, तिथे मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोठून येणार? वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले इतर तीन म्हणजे गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद. अशा जिल्ह्यांत या अटीचा परिणाम काय होईल हे सांगायला भविष्यवेत्ता नको. तेथील मुलांच्या वाट्याला तीन पेपरांची ऑनर्स येईल आणि प्रकल्पाची ऑनर्स अमरावती, नागपूर, पुण्याकडे राहील. गुण ९० टक्के असले तरी.

आणि हे अशा विषयात घडेल, जिथे ते घडण्याचे मुळीच कारण नाही. रसायनशास्त्रात उपकरण नसले की हात बांधले जातात. संगणकशास्त्रात साधे यंत्र, वीज आणि एक अवघड प्रश्न एवढ्यावर खरे काम होऊ शकते. विजय भटकर हे त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. मूर्तिजापूर तालुक्यातले हे गाव, म्हणजे आजच्या कारंजा तालुक्याच्या शेजारचा भाग. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. आमच्या भागातील सत्कार-समारंभांतून हे अभिमानाने सांगितले जाते. त्यांना मात्र शिक्षणासाठी नागपूर, बडोदा, दिल्ली असे दूर दूर जावे लागले होते. १९६० च्या दशकात त्याला इलाज नव्हता. आज तो आहे.

प्रश्न तरी कोठून आणायचे, असे विचारले जाते. शिक्षक वाचकांच्या हातात एक प्रश्न रोजच असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि ‘सरल’ प्रणालीत तिसरे. ही तिन्ही एकाच मुलाची आहेत हे यंत्राने कसे ओळखावे? व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये दोन शब्दांतील अंतर मोजण्याची कल्पना मांडली. एक चिन्ह घालणे, गाळणे किंवा बदलणे ही एक पायरी. कमीत कमी जितक्या पायऱ्यांत एका शब्दाचा दुसरा होईल तितके अंतर. आमच्या जिल्ह्याचे नावच कोणी ‘वाशिम’ लिहितो, कोणी ‘वाशीम’. यंत्राच्या लेखी दोन्ही पाच चिन्हांचे शब्द, फक्त वेलांटी वेगळी. अंतर एक. ‘मंगरूळपीर’ आणि ‘मंगरुळपीर’, अंतर एक. इथवर ठीक चालते.

पुढे मात्र अडते. ‘कारंजा’ आणि ‘कारंजा लाड’ यांत मोकळी जागा धरून चार चिन्हांचे अंतर, पण गाव एकच. आमच्या जिल्ह्यातील ‘मालेगाव’ आणि नाशिक जिल्ह्यातील ‘मालेगाव’ यांत अंतर शून्य, पण गावे दोन! शिवाय ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, यंत्र त्यात क, पाय मोडण्याची खूण आणि ष अशी तीन चिन्हे ठेवते. मग अंतर चिन्हांचे मोजावे की अक्षरांचे? ह्रस्व-दीर्घाची चूक आणि ‘क’च्या जागी ‘ख’ येण्याची चूक यांना एकच वजन द्यावे का? अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली उच्चारावरून नावे जुळविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पण ती इंग्रजी नावांसाठी होती, वऱ्हाडी नावांसाठी नव्हे. एका शाळेचा पट नावे बदलून घ्यावा, हाताने जुळवून खरे उत्तर तयार करावे, दोन-तीन रीती लिहून प्रत्येकीची किती उत्तरे चुकतात ते मोजावे, आणि का चुकतात ते सांगावे. ३६० तासांत होण्याजोगे हे काम आहे, आणि त्याचे उत्तर मार्गदर्शकालाही आधी ठाऊक नाही. ज्याला ७१ टक्के गुण आहेत त्या मुलाने हे करू नये, असे कोणत्या शास्त्राच्या आधारे म्हणावे?

कोणी म्हणेल, मुलांना नोकरी हवी आहे, संशोधन नको. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तीन वर्षांनी बाहेर पडण्याची सोय म्हणूनच योग्य आहे आणि ज्याला गरज आहे त्याने ती खुशाल घ्यावी. एम.एस्सी. करायची असली तरी तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, वर्षे पाचच होतात. पण जो चौथे वर्ष देतो त्याला त्या वर्षाचे काहीतरी निराळे मिळायला हवे. सातव्या-आठव्या सत्रात पुन्हा तेच पेपर असतील, तर नोकरी देणारा त्या वर्षाला वेगळी किंमत कशाला देईल? उलट स्वतः केलेले, मोजून पाहिलेले एक काम हातात असेल तर मुलाखतीत बोलायला विषय तरी असतो.

आमच्या मते निदान संगणकशास्त्रापुरते ७५ टक्क्यांचे फाटक काढून टाकावे आणि चौथ्या वर्षाच्या प्रत्येकाला १२ क्रेडिटांचा प्रकल्प असावा. ‘संशोधनासह’ ही पदवीवरची मोहोर प्रकल्पाचा दर्जा पाहून नंतर द्यावी. पीएच.डी.ला थेट प्रवेशासाठी ७५ टक्क्यांची वेगळी अट आयोगाने २०२२ च्याच नियमांत घातलेली आहे, त्यामुळे ती चाळणी कोठे जात नाही. मार्गदर्शकाची अडचणही सुटण्यासारखी आहे. स्वयम् या राष्ट्रीय व्यासपीठावरून ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम दुरून करण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्ये दिली. दुरून आलेले व्याख्यान चालते, तर दुरून आलेले मार्गदर्शन का चालू नये? अमरावतीच्या विद्यापीठ विभागातील एक मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि वाशिममधील एक शिक्षक, मग तो तासिका तत्त्वावरचा का असेना, यांनी मिळून प्रकल्प पाहावा, आणि त्या दुसऱ्या शिक्षकाला या कामाचे मानधन मिळावे. मानधनाशिवाय हे व्हायचे नाही, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

२०२७ पर्यंत नियम बदलतील किंवा बदलणार नाहीत. तोवर विद्यार्थी सल्ला विचारायला आला, तर त्याला महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील पेपरांची नावे वाचायला सांगू नये. विभागात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल बघायला मागावेत. ते कपाटात आहेत का, निरनिराळ्या मुलांचे अहवाल निरनिराळे आहेत का, आज्ञावली कोठे चुकली हे कोणी लिहिले आहे का, आणि ते वाचून शिक्षकाने समासात काही लिहिले आहे का, एवढे पाहून यावे.